टायमिंगभाऊ

सुरतेत कुणी कुणाला "आज किती आलं?" असं विचारलं, की प्रश्न पैशाचाच असणार असं धरून चालावं. रिंगरोडच्या कापड मार्केटात तो पेमेंटचा असतो, वराछ्याला हिऱ्यांचा. आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत मात्र तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ रोज संध्याकाळी हाच प्रश्न स्वतःच्या अकरा वर्षांच्या मुलीला विचारतात. वहिनींच्या अ‍ॅक्टिव्हावरून ती नुकतीच उतरलेली असते. केस ओले, डोळ्यांभोवती गॉगलचे वळ, तोंडात अर्धं केळं. भाऊंना उत्तर सेकंदांत हवं असतं, दशांशचिन्हापुढची दोन्ही घरं धरून.

भाऊंचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. बाकी सगळे त्यांना टायमिंगभाऊ म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, असा माझा संशय आहे.

पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते सुपरवायझर आहेत. गाव शिरपूरकडचं. खानदेशातली निम्मी गावं उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत येऊन राहिली आहेत, आणि भाऊंच्या मते त्यात नवल काहीच नाही. "आमच्या हतनूरचं पाणी उकाईला येतं, उकाईचं सुरतेला. आम्ही पाण्यामागे आलो." आईशी फोनवर अहिराणी, घरात मराठी, मिलमध्ये हिंदी, पोहण्याच्या सरांशी गुजराती, अशा चार भाषा ते दिवसभरात बोलतात. मुलगी पाण्यात असली की चारही आटतात. उरतं फक्त "हुप! हुप! खेच! खेच!" पाण्याखाली डोकं घालून हात मारणाऱ्या पोरीला यातलं अक्षरही ऐकू जात नाही. ऐकू येतं ते गॅलरीत शेजारी बसलेल्या आम्हाला.

भाऊंच्या गळ्यात पिवळ्या दोरीचं स्टॉपवॉच असतं. मिलमध्येसुद्धा. कापडाचा ताका मशीनमधून निघायला लागणारा वेळ ते त्यावर मोजतात, असं त्यांचे ऑपरेटर सांगतात. या घड्याळाचा एक गुण मी फार उशिरा ओळखला. स्पर्धेचा अधिकृत निकाल लागला की भाऊंचा आकडा त्याहून नेहमी दोन-तीन दशांश सेकंदांनी कमी असतो. यात लबाडी अजिबात नाही. भोंगा ऐकू आल्यावर बोट दाबायला माणसाला थोडा वेळ लागतोच, म्हणून घड्याळ सुरू होतं उशिरा. आणि पोरीचा हात भिंतीला लागण्याआधीच बापाचं मन लागलेलं असतं, म्हणून ते थांबतं लवकर. पाण्यातला टच पॅड असला कुठलाच जिव्हाळा दाखवत नाही. भाऊंचं ठाम मत, पॅड जुना आहे.

गेल्या वर्षी अहमदाबादला नारणपुऱ्याच्या नव्या संकुलात आशियाई जलतरण स्पर्धा झाल्या, तेव्हा भाऊ रजा टाकून गेले होते. श्रीहरी नटराजला डोळ्यांनी पाहिलं म्हणून आठवडाभर हवेत होते. पण स्टँडमध्ये बसूनही त्यांनी काय केलं असेल? परदेशी पोरांची टायमिंगं घेतली. "बोर्डावर चुकीचं दाखवत होते का?" मी विचारलं. "थोडं थोडं," ते म्हणाले.

खरं प्रकरण सुरू होतं ते मीटच्या दिवशी. स्पर्धा हा शब्द भाऊ वापरत नाहीत. मीट. कालची मीट, रविवारची मीट, बडोद्याची मीट. मीट बडोद्याला असेल तर घर पहाटे साडेतीनला उठतं. गाडीच्या डिकीत चटई, घडीची खुर्ची, दोन टॉवेल, तिसरा टॉवेल, दोन गॉगल, फाटला तर म्हणून जादा कॅप, ग्लुकोजचा डबा, डझनभर केळी आणि वहिनींनी रात्रीच लाटून ठेवलेले थेपले. रिपोर्टिंग सात वाजता. साडेसातला वॉर्मअप. त्यानंतर सगळी पोरं ओल्या कॉश्च्यूमवर टॉवेल गुंडाळून प्रमुख पाहुण्यांची वाट बघत कुडकुडतात. पाहुणे दहाला येतात, दीप लावतात, खेळाने चारित्र्य कसं घडतं ते सांगतात आणि पहिली रेस सुरू व्हायच्या आत निघून जातात. साडेअकराच्या सुमारास आमची मुलगी पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहते, ३५ सेकंद. मग चार तास काहीच नाही. दुपारी साडेतीनला पन्नास मीटर बॅकस्ट्रोक, ४२ सेकंद. रात्री नऊला सगळे घरी. म्हणजे सतरा-अठरा तासांत पोहणं सव्वा मिनिटाच्या वर दोन सेकंद. उरलेल्या वेळात भाऊ हीट-शीटवर पेन्सिलीने खुणा करतात आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या वडिलांशी दुसऱ्यांच्या पोरांच्या टायमिंगवर बोलतात.

मुलीचा दिवस याहून फार बरा जातो. तिला मीट आवडते, पण ती वेगळीच मीट असते. गॅलरीत उनो खेळणं, कुणाच्या तरी डब्यातला खमण, रिलेच्या आधी चौघींनी हातावर हात ठेवून ओरडणं. एकदा रेस संपवून ती वर आली. भाऊंनी घड्याळ पुढे धरून "काय वाटलं?" असं विचारलं. ती धापा टाकत म्हणाली, "पप्पा, पाच नंबर लेनमधली मुलगी भरूचची आहे. तिच्याकडे मांजर आहे, आणि तिला आता चार पिल्लं होणार आहेत." भाऊंनी वहीत फक्त आकडा लिहिला. मला वाटतं, मांजरही लिहायला हवं होतं.

ही वहीसुद्धा बघण्यासारखी आहे. मिलचं जुनं डाइंग रजिस्टर. शेडच्या रकान्यात स्ट्रोक, बॅच नंबरच्या रकान्यात तारीख, आणि 'शेरा'च्या रकान्यात "टर्न स्लो", "रात्री झोप कमी", "समोसा खाल्ला होता".

आता मीट किती असतात ते ऐका. शाळेच्या स्पर्धा असतात. सीबीएसईच्या वेगळ्या. २०१०पासून गुजरात सरकारचा खेल महाकुंभ आहे, तोही खालच्या पातळीपासून राज्यापर्यंत पायऱ्या चढत जाणारा. संघटनेच्या जिल्हा आणि राज्य स्पर्धा. मग क्लबांनी एकमेकांना बोलावलेल्या. मग कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या वाढदिवसानिमित्त. भाऊंना यातली एकही सोडवत नाही. नवरात्र असो, चंदनी पडव्याची घारी असो, गावाकडचं लग्न असो, भाऊंचा पहिला प्रश्न: "त्या दिवशी मीट तर नाही ना?" एका मीटसाठी त्यांनी सख्ख्या मावसभावाचा साखरपुडा बुडवला. तिकडे अजून बोलत नाहीत. "पण पोरीने पाऊण सेकंद काढला," असं भाऊ सांगतात. मावसभावाला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

सर या गोष्टीने हैराण आहेत. बोलणं कमी, पण एक वाक्य ते भाऊंना दर महिन्याला ऐकवतात: "भाई, छोकरी छे, घोडो नथी." एकदा त्यांनी भाऊंना काठावरच्या बाकावर बसवून हिशोब मांडला. मी शेजारीच होतो. रविवारी मीट आहे म्हणून शुक्रवार-शनिवार हलकं पोहायचं. रविवारी धावपळ आणि जागरण. सोमवारी पोर थकलेली. राहिले मंगळ, बुध, गुरू. "तीन दिवसमां शुं बनावुं?" मोठे पोहणारे वर्षातल्या दोन-तीन महत्त्वाच्या स्पर्धांआधी दोन-तीन आठवडे अंतर कमी करत आणतात, त्याला टेपर म्हणतात. महिनोन्‌महिने रगडून साठवलेला थकवा उतरला की वेग वर येतो. पण आधी रगडलेलंच नसेल तर उतरणार काय? दर रविवारी मीट म्हणजे वर्षभर अर्धवट टेपर आणि वर्षभर अर्धवट सराव.

भाऊ "बराबर, बराबर" करत होते. नजर मात्र सरांच्या पाठीमागच्या नोटीस बोर्डावर होती. तिथे नवसारीच्या मीटचा कागद लागला होता.

मला सरांचं दुसरं म्हणणं जास्त पटतं, आणि ते भाऊंच्या घरातच घडलेलं आहे. पोरगी श्वास फक्त उजवीकडून घ्यायची, त्यामुळे डावा हात आडवा पडायचा. सरांनी दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकवायला घेतलं. असं काही बदललं की काही आठवडे माणूस आधीपेक्षा हळू पोहतो. शरीर जुनं सोडतं आणि नवं अजून बसलेलं नसतं. त्या आठवड्यांत भाऊंनी दोन मीट लावल्या. पोरगी ब्लॉकवर उभी राहिली, भोंगा वाजला, आणि निम्म्या अंतरात सगळं विसरून पुन्हा उजवीकडे. घाईत माणूस जुन्या सवयीकडेच पळतो. आणि पळाली नसती तर वेळ सेकंदाने वाढला असता, बापाचा चेहरा पडला असता, हे अकरा वर्षांच्या पोरीलाही कळतं. ज्या पोराचं दर आठवड्याला माप घेतलं जातं, ते पोर काही बदलायला धजत नाही. हे मी भाऊंना बोललो. ते म्हणाले, "मग दोन्हीकडून श्वास घेऊन फास्ट पोहायचं ना."

पण भाऊंची बाजूही सांगायला हवी. पोरगी पहिल्यांदा स्पर्धेत उतरली तेव्हा ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सगळ्यांच्या पुढे होती आणि भिंतीला एकच हात लावला. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. डिसक्वालिफाय. हे तिला सरांनी सांगितलं नव्हतं का? शंभरदा. पण कळलं ते त्या दिवशी, चेंजिंग रूममध्ये टॉवेलात तोंड खुपसून. बॅकस्ट्रोकमध्ये भिंतीच्या पाच मीटर आधी डोक्यावर झेंड्यांची दोरी असते, तिच्यापासून हात मोजायचे म्हणजे डोकं आपटत नाही. सरावात हे सगळ्यांना येतं. शेजारच्या लेनमध्ये अनोळखी पोर फेस उडवत असताना मोजता येणं हे स्पर्धेतच शिकता येतं. वर्षातून एकदाच उतरणारी पोरं ब्लॉकवर लटपटतात, गॉगल निसटला की रडतात. आमच्या मुलीचा गॉगल एकदा डाइव्हला तोंडावर आला. तिने तो तोंडात धरूनच रेस संपवली. तेव्हा अजिबात न पोहण्यापेक्षा पोहणं बरंच. प्रश्न महिन्यातून एकदा की चारदा, एवढाच. माझं मत विचाराल तर एकदा. अकरा वर्षांच्या पोरीला तेवढं पुष्कळ झालं.

भाऊंचं दैवत वीरधवल खाडे. कोल्हापूरचा पोरगा, सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिक, २०१०ला आशियाई ब्राँझ, तेही भारताला पोहण्यात चोवीस वर्षांनी मिळालेलं पदक. पण भाऊंना यातलं काहीच तितकं महत्त्वाचं नाही. त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगतील ती २०१८ची जकार्ता. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, खाडे चौथा, ब्राँझ हुकलं ०.०१ सेकंदाने. "शंभरावा भाग!" इथे भाऊ करंगळीचं नख पुढे करतात. "एवढं. नुसतं एवढं नख वाढलेलं असतं तर!" यावरून त्यांनी नियम केला की मीटच्या आठवड्यात मुलीची नखं कापायची नाहीत. मीट दर आठवड्याला. शाळेत सोमवारी नखतपासणी. पोरीच्या डायरीत बाईंचा लाल शेरा आला तेव्हा वहिनींनी भाऊंसमोर बसून तिची वीसही नखं मुळापासून कापली. रविवारी पोरीने स्वतःचा बेस्ट टाइम काढला. त्या दिवसापासून या विषयावर घरात कोणी बोलत नाही.

मी भाऊंना खाडेच्याच गोष्टीतला दुसरा भाग दाखवून पाहिला. हा माणूस मध्ये तहसीलदार होऊन काही वर्षं पोहण्यापासून दूर होता. परत आला आणि सत्ताविशी गाठता गाठता त्याच जकार्तात, हीटमध्ये, २२.४३चा राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे एक रविवार बुडला तर पाणी माणसाला विसरत नाही. भाऊंनी विचार केला. "त्याची सरकारी नोकरी होती," ते म्हणाले. "आपल्याला तसं परवडत नाही."

सरांनी शेवटचा उपाय म्हणून त्यांना एक शास्त्रीय गोष्ट सांगितली. इस्तवान बाल्यी नावाच्या, कॅनडात काम केलेल्या तज्ज्ञाने मुलांच्या वयानुसार सराव आणि स्पर्धा यांचं प्रमाण सुचवलेलं आहे. या वयाला ७० टक्के सराव, ३० टक्के स्पर्धा, आणि त्या ३० टक्क्यांतही स्पर्धेसारखा केलेला सराव धरलेला. भाऊ घरी आले ते चमकत्या डोळ्यांनी. कॅल्क्युलेटर काढला. तीनशे पासष्टचे तीस टक्के. "एकशे नऊ!" ते मला जिन्यात गाठून म्हणाले. "वर्षाला १०९ मीट चालतात! आपण तर निम्म्यावर पण नाही!"

या माणसावर रागवावं असं खूपदा वाटतं. मग त्यांचं स्वतःचं पोहणं आठवतं आणि राग टिकत नाही. भाऊ शिकले शेतातल्या विहिरीत, पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून. चुलत्याने काठावरून ढकललं, हेच कोचिंग. त्यांचं टायमिंग आजवर कुणी घेतलेलं नाही. आईला फोनवर नातीची मेडलं सांगितली की म्हातारी विचारते, "पोर पवस ना? मंग व्हयनं." पोहता येतं ना, मग झालं, हाच विचार भाऊंचाही होता, सुरुवातीला. ऑगस्ट २००६मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सुरत बुडाली, तेव्हा भाऊ अडाजणला भाड्याच्या खोलीत होते. खोली पाण्याखाली, माणसं गच्चीवर, ना वीज ना प्यायला पाणी. समोरच्या इमारतीत तान्हं बाळ होतं. भाऊंनी दुधाच्या पिशव्या प्लास्टिकच्या टबात घातल्या आणि टब ढकलत गल्ली पोहून पार केली. एक-दोनदा नाही, पाणी उतरेपर्यंत. किती वेळ लागायचा, असं मी एकदा विचारलं. "काय माहीत," ते म्हणाले. "कोण मोजतंय."

पोरगी सहा वर्षांची झाली तेव्हा महापालिकेच्या तलावावर नाव घातलं ते याचसाठी. पुढे कुणीतरी सुट्टीतल्या बॅचची स्पर्धा घेतली, पोरीला प्लास्टिकचा कप मिळाला, आणि भाऊंनी स्टॉपवॉच आणलं.

शेवटी गेल्या जूनमध्ये तह झाला. सर, वहिनी आणि भाऊ, साक्षीला मी. महिन्याला एक मीट. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यावर लाल गोल फक्त वहिनी करणार. भाऊंनी तो तह पाळलाही, म्हणजे आमच्यातला कडक उपवास करणारा माणूस साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाट्याचा कीस आणि दाण्याचा लाडू खाऊन पाळतो तसा. टाइम ट्रायल म्हणजे मीट नव्हे. दोन क्लबांची फ्रेंडली म्हणजे मीट नव्हे, नावातच फ्रेंडली आहे. खेल महाकुंभ सरकारी काम, त्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही. रिलेत पोरगी चारातली एक, म्हणजे ती पाव मीट. अशा तीन पाव झाल्या की भाऊ वहिनींना सांगतात, अजून पाव बाकी आहे.

डिसेंबरचा गोल अहमदाबादला गेला होता. एका रात्री जेवणं झाल्यावर भाऊंनी मला बोलावून घेतलं. मोबाइलवर मालवणच्या चिवला बीचचा फोटो होता. दर वर्षी तिथे समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे गट असतात.

"समुद्र आहे हो," भाऊ मोठ्याने, म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हणाले. "लेन नाही, ब्लॉक नाही, भिंत नाही. टर्नच नाही तर मीट कसली? ही सहल. फॅमिली सहल. मासे खाऊ, किल्ला बघू."

आतून वहिनींचा आवाज आला. "मग ते घड्याळ घरी ठेवायचं."

भाऊ गप्प झाले. बराच वेळ समुद्राचा तो फोटो बघत बसले. मग उठले, गळ्यातली पिवळी दोरी काढली आणि कालनिर्णयच्या खिळ्याला अडकवली. "हे बघ. ठेवलं. आता कर गोल."

मुलगी जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मम्मी, पप्पांच्या मोबाइलमध्ये पण आहे."